मे महिन्याचे पाच शुक्रवार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे २०२६ मध्ये शुक्रवार, म्हणजे नवे चित्रपट लागण्याचे दिवस, पाच आहेत: १, ८, १५, २२ आणि २९. पहिल्याच शुक्रवारी महाराष्ट्र दिन आणि बुद्धपौर्णिमा एकत्र आल्यामुळे सलग तीन दिवस सुट्टी मिळते. शाळाही बंद. त्यामुळे या वेळी थिएटरात चित्रपट, विशेषतः मराठी, बघण्याबद्दल पत्रं भरपूर आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

पोस्टरवर तारीख असते आणि आयत्या वेळी चित्रपट पुढे ढकलला जातो. सुट्टीचे बेत आखताना तारीख पक्की आहे हे कसं ओळखायचं?
*वाचक, नौपाडा, ठाणे*

पोस्टरवरची तारीख ही निर्मात्याची इच्छा समजा. ती पक्की होत जाते तशा तिच्या खुणा दिसतात. पूर्ण ट्रेलर साधारण दोन-तीन आठवडे आधी येतो. तारीख दहा दिवसांवर आली आणि अजून नुसता टीझर किंवा एखादं गाणंच बाहेर असेल, तर शंका घ्या.

दुसरी खूण सेन्सॉरची. दाखला मिळाल्याशिवाय चित्रपट थिएटरात लागू शकत नाही. आठवडाभर आधी बुकिंग अ‍ॅपवर चित्रपटाचं पान उघडा आणि नावाखालची ओळ वाचा. तिथे नेमकी लांबी, उदाहरणार्थ २ तास १८ मिनिटं, आणि 'यूए १३+' असा वयाचा वर्ग दोन्ही दिसत असतील, तर दाखला बहुधा हातात आलेला असतो. लांबीची जागा रिकामी असेल तर काम अजून बाकी आहे. सेन्सॉरने बदल सुचवले की ते करून चित्रपट पुन्हा सादर करावा लागतो. तारखेच्या तोंडावर अर्ज केलेले चित्रपट इथेच अडकतात.

तिसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे एकापेक्षा जास्त थिएटरांत सुरू झालेलं बुकिंग. त्यानंतर चित्रपट पुढे जाणं क्वचितच घडतं.

तारीख हलण्याची बाकीची कारणं: व्हीएफएक्स (संगणकावर तयार केलेली दृश्यं) अपुरं, त्याच शुक्रवारी आलेला मोठा हिंदी किंवा इंग्रजी चित्रपट, किंवा ओटीटीशी झालेल्या करारातली अट. मेपुरतं आमचं मत असं, की १ तारखेला गर्दी होणार आणि त्यातला एखादा छोटा मराठी चित्रपट ८ किंवा १५ ला सरकला तर आश्चर्य मानू नका. १७ मेपासून अधिक महिना लागतो आणि लग्नाचे मुहूर्त थांबतात. म्हणजे २२ आणि २९ नंतरच्या शनिवार-रविवारी घरची मंडळी मोकळी सापडतील. बकरी ईद २७-२८ मेच्या सुमारास आहे, त्यामुळे त्या आठवड्यात एखादा चित्रपट शुक्रवारची वाट न पाहता बुधवारी-गुरुवारीच येऊ शकतो.

हिंदी चित्रपटाचं बुकिंग आधीच्या रविवारीच सुरू होतं. मराठीचे शो बुधवार उजाडला तरी दिसत नाहीत. असं का?
*वाचक, कोपरखैरणे*

मल्टिप्लेक्सचं वेळापत्रक शुक्रवार ते गुरुवार असं एका आठवड्याचं ठरतं. सोमवारी आधीच्या तीन दिवसांचे आकडे बघतात, मंगळवार-बुधवारी वितरकांशी बोलणी होतात आणि मग तक्ता लागतो. मोठ्या चित्रपटाचा वितरक शोंची संख्या आधीच ठरवून घेतो. त्यामुळे त्याच्या वेळा लवकर उघडतात. छोट्या मराठी चित्रपटाला उरलेल्या वेळा मिळतात, एका थिएटरात एक किंवा दोन शो, आणि त्या बुधवारी रात्री किंवा गुरुवारी दुपारपर्यंत कळतात.

वेळही बघून घ्या. २०१५ साली राज्य सरकारने मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइमचा आग्रह धरला, तेव्हा अखेर दुपारी १२ ते रात्री ९ हा प्राइम टाइम धरला गेला. म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शोही त्यात बसतो. नोकरी करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, आणि प्रेक्षकांनी हे थिएटरच्या व्यवस्थापकाला सांगितलंच पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं.

शोधताना गुरुवारी दुपारनंतर बघा. फक्त घराजवळच्या थिएटरचं पान उघडू नका, चित्रपटाच्या नावाने शोधा. बहुतेक अ‍ॅपवर ठाणे आणि नवी मुंबई 'मुंबई'तच मोडतात. कोपरखैरण्यात नसलेला शो वाशीला किंवा सीवूड्सला असतो. सीवूड्सचं थिएटर स्टेशनला लागूनच असलेल्या मॉलमध्ये आहे, त्यामुळे पावसापाण्यातही जमतं. ट्रान्सहार्बर लोकलने (ठाणे ते नवी मुंबई) येणाऱ्यांनी ठाण्याचे शोही धरावेत.

आम्ही चार जणांचं मत ऐकून दुसऱ्या आठवड्यात जातो. तोवर चित्रपट उतरलेला असतो किंवा सकाळी साडेनऊचा एकच शो उरतो.
*वाचक, ऐरोली*

पत्रांत सर्वाधिक आलेली तक्रार हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या, त्यावर सोमवारपासूनचे शो ठरतात. शंभर खुर्च्यांत पंधरा प्रेक्षक असतील तर तो शो दुसऱ्या चित्रपटाकडे जातो. मराठी प्रेक्षक मात्र कोणी 'बघच' म्हटल्यावर निघतो, म्हणजे दुसऱ्या शनिवारी. चित्रपट आवडूनही उतरतो तो या आठ दिवसांच्या फरकामुळे.

पैशाचाही हिशेब आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाद होऊन जो तोडगा निघाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. मराठीच्या अटी चित्रपटागणिक बदलतात, पण उतरत्या वाट्याची रीत तीच. २३६ रुपयांच्या तिकिटात ३६ रुपये जीएसटी. उरलेल्या २०० पैकी या दराने पहिल्या आठवड्यात १०० रुपये वितरकाकडे जातात, दुसऱ्यात ८५, चौथ्यात ६०. निर्मात्याला मिळतं ते त्यातून.

ज्या चित्रपटाबद्दल मनात ऐंशी टक्के होकार आहे तो पहिल्या रविवारच्या आत बघा. पन्नास टक्केच असेल तर शनिवारी सकाळचा शो बघितलेल्या माणसाला दुपारी फोन करा आणि रविवारचं तिकीट काढा. परीक्षणासाठी पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. आणि आयपीएलचा महत्त्वाचा सामना असलेली संध्याकाळ धरा, कारण त्या दिवशी चांगल्या जागा मोकळ्या असतात आणि तुमच्या चार तिकिटांनी शोला आधार मिळतो.

नातवंडं ८ आणि १४ वर्षांची आहेत. यूए ७+, १३+, १६+ म्हणजे काय? थिएटरवाले अडवतील का?
*वाचक, वाशी*

२०२४ पासून यूएचे हे तीन उपवर्ग आले. त्या वयाखालच्या मुलांना दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवायचं, अशी ही सूचना आहे. सोबत मोठं माणूस असेल तर ८ वर्षांच्या मुलाला 'यूए १३+'ला अडवायचं कारण नाही. 'ए' मात्र वेगळा. १८ वर्षं पूर्ण नसतील तर आईवडील सोबत असूनही प्रवेश नाही, आणि दारावर वयाचा पुरावा मागतात. तिकीट आधी काढलेलं असलं तरी पैसे परत मिळतील याची खात्री नसते.

बुकिंग करताना वर्ग पुन्हा बघा. ट्रेलर सगळ्यांसाठी असतो आणि मूळ चित्रपट 'यूए १६+' निघतो, असं होतं. ट्रेलरला स्वतंत्र दाखला मिळतो, त्यावरून चित्रपटाचा अंदाज बांधू नका. थिएटरात दिवे मालवल्यावर पडद्यावर दाखल्याचा कागद येतो, त्यावर वर्ग, तारीख आणि मिनिटांत लांबी लिहिलेली असते. पण तेव्हा बघून उशीर झालेला असतो. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये पूर्ण तिकीट लागतं, हेही धरून चाला.

एकाच चित्रपटाचं तिकीट एके ठिकाणी १०५ रुपये, दुसरीकडे साडेतीनशे. स्वस्तात बघायचं तर कसं?
*वाचक, घोडबंदर रोड*

२२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. म्हणून १०० चं तिकीट १०५ ला पडतं आणि १२० चं १४१ रुपये ६० पैशांना. मूळ दरात २० रुपयांचा फरक, खिशाला साडेछत्तीसचा. सकाळचे शो आणि कामाचे दिवस स्वस्त असतात. मंगळवारी काही मल्टिप्लेक्स साखळ्या खास दर ठेवतात. १ मेसारख्या सुट्टीला सवलत बहुधा लागू नसते. अ‍ॅपवरच्या कन्व्हिनियन्स फीवरही जीएसटी लागतो, तेव्हा चार तिकिटं असतील तर खिडकीवर घेणं परवडतं. मराठीच्या दुपारच्या शोला खिडकीवर सहज मिळतात.

जागा निवडताना रिक्लायनरच्या मोहात पडू नका. पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरच्या रांगेतल्या मधल्या जागा घ्या, आवाज साधारण त्याच जागेसाठी जुळवलेला असतो.

ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये रात्रीचा शो बघून नेरूळला परतायचं आहे. शेवटची गाडी मिळेल का?
*वाचक, नेरूळ*

लांबीत साधारण अर्धा तास मिळवा: सुरुवातीच्या जाहिराती-ट्रेलरना १५ मिनिटं, मध्यंतराला १५. सव्वादहाचा शो आणि २ तास २८ मिनिटांचा चित्रपट असेल तर बाहेर पडायला सव्वा वाजतो. तोवर ट्रान्सहार्बरच्या गाड्या संपलेल्या असतात. त्याच लांबीचा चित्रपट सात वाजता बघितला तर दहाच्या सुमारास सुटाल. विवियाना स्टेशनपासून लांब आहे, रिक्षा मिळून स्टेशनला पोचायला २५-३० मिनिटं राखून ठेवा.

पहिल्या दिवशी सकाळी नऊचा शो 'तांत्रिक कारणाने' रद्द झाला. साडेअकराचा मात्र झाला. नेमकं काय होतं?
*वाचक, पनवेल*

चित्रपट आता डीसीपी नावाच्या कुलूपबंद डिजिटल फाइलींतून येतो. डिस्कवर किंवा उपग्रहाने तो आधीच पोचलेला असतो, पण उघडायला केडीएम नावाची किल्ली लागते. ही किल्ली त्या एका स्क्रीनच्या सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. शुक्रवारी सकाळी दहापासूनची किल्ली आली असेल तर नऊला पडदा काळाच राहतो. सर्व्हर बदलला असेल किंवा चित्रपट ऐनवेळी स्क्रीन दोनवरून चारवर हलवला असेल, तरी नवी किल्ली मागवावी लागते. शेवटच्या क्षणी संपादन संपलेल्या चित्रपटांत हे जास्त घडतं. म्हणून पहिल्या दिवसाचा अगदी पहिला शो घेण्यापेक्षा दुपारचा घ्या. शो थिएटरने रद्द केला तर फीसकट पैसे परत मागा. ज्या खात्यातून दिले तिथे ते साधारण आठवड्यात जमा होतात. तिकिटाचा मेसेज पुसू नका.

ओटीटीवर कधी येईल?
*वाचक, कळवा*

मोठ्या साखळ्या हिंदी चित्रपटासाठी आठ आठवड्यांचं अंतर मागतात. १ मेचा चित्रपट त्या हिशेबाने २६ जूनला. मराठीत अंतर ठरलेलं नाही. कित्येकदा ओटीटीचा करार प्रदर्शनानंतर, थिएटरातली गर्दी बघून होतो आणि कधी होतच नाही. 'घरी बघू' म्हणून सोडलेला मराठी चित्रपट पुन्हा बघायला मिळेल याची खात्री नाही.

आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाला मराठी चित्रपटाचा खास शो हवा आहे. कोणाला भेटायचं?
*वाचक, हिरानंदानी मेडोज, ठाणे*

थिएटरच्या व्यवस्थापकाला, तेही आधीच्या आठवड्यात. फार तर सोमवार-मंगळवारी, कारण बुधवारनंतर तक्ता बसलेला असतो. पाच गोष्टी लेखी घ्या: किमान किती तिकिटं घ्यावी लागतील, दर जीएसटीसह आहे का, खाण्याचं पॅकेज सक्तीचं आहे का, संख्या कमी पडली तर काय, आणि शो रद्द झाला तर पैसे किती दिवसांत परत. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ मागा. तेव्हा स्क्रीन रिकामे असतात आणि दर खाली येतो.

ज्येष्ठांसाठी दारातून थेट पोचता येईल अशी रांग आधी स्वतः जाऊन बघा. काही सभागृहांत दार पडद्याच्या बाजूला असतं आणि मागच्या रांगांपर्यंत अंधारात वीसेक पायऱ्या चढाव्या लागतात. तसं असेल तर मधल्या रांगेची टोकाची आसनं मागा, आणि जाहिराती सुरू होईपर्यंत दिवे पूर्ण ठेवायला सांगा. मराठी चित्रपटाला बरेचदा इंग्रजी उपशीर्षकं असतात, ती ऐकायला कमी येणाऱ्यांना थोडा आधार देतात. आहेत की नाही हे व्यवस्थापक सांगू शकतो. पैसे गोळा करण्याआधी चित्रपटाचा दाखला आला आहे ना, तेवढं मात्र पहिल्या उत्तरात सांगितलं तसं तपासून घ्या.