जुनी एसयूव्ही: किलोमीटर पाहू नका, साल पाहा

वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं 10 ते 16 वर्षं जुन्या डिझेल एसयूव्हींबद्दल आहेत. बहुतेकांना इंजिनाची काळजी आहे. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो, एवढंच. ब्रेक आणि टायरचं तसं नसतं. म्हणून त्यांना आधी घेतलं आहे.

प्रश्न : आमची 2011 सालची सातआसनी डिझेल गाडी 1 लाख 42 हजार किलोमीटर चालली आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना पोलादपूरच्या अलीकडे ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि जवळजवळ तळाला गेलं. अर्धा तास थांबल्यावर सगळं पूर्ववत. गॅरेजमध्ये पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक निघाले आणि "काही प्रॉब्लेम नाही" असं सांगण्यात आलं. खरंच काही नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि नेमका कुठे तेही तुमच्या पत्रात आलं आहे. पेडल मऊ पडलं आणि गाडी थंड झाल्यावर सुधारलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट 3 (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. पाणी मुरलं की ही मर्यादा 140 पर्यंत घसरते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय वाफ दाबत राहतो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं, त्यामुळे गॅरेजवाल्याला काही सापडत नाही.

पेडल दगडासारखं कडक राहून गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर तो दोष वेगळा. तिथे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते.

ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, गाडी उभी असली तरी. एक लिटर बहुतेक गाड्यांना पुरतं. आधी डबीतलं जुनं ऑइल उपसायचं, नवं भरायचं आणि मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या भागापासून, सर्वांत दूरच्या चाकाकडून सुरुवात करायची. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. चाकाजवळच्या प्रत्येक निपलमधून (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबायचं नाही. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही गाड्यांत त्याच्या युनिटमधली हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो. उरलेली फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

हे करताना जुन्या गाडीत एक घात हमखास होतो. हेल्पर पेडल थेट तळापर्यंत दाबतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरची रबरी सील जिथवर कधी जात नाहीत, त्या भागात गंज बसलेला असतो. सील त्यावर घासतात आणि दुसऱ्या दिवसापासून पेडल हळूहळू खाली जायला लागतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला सांगा. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल 30 सेकंद सारख्या दाबानं धरून ठेवा. ते खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची सील गेली आहेत.

आता ऑइल एवढं तापलं का, ते शोधा. चासीपासून ब्रेककडे जाणारे रबरी होज पाइप 2011 चेच असतील तर सगळे बदला. त्यांचं आतलं अस्तर फुगतं. पाय दाबला की ऑइल आत जातं, सोडला की परतताना अडखळतं, पॅड डिस्कला घासत राहतो. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुकल्या तरी हेच होतं. त्या साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं. तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता जा आणि थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त धगधगत असेल तर चोर तिथे आहे. मागचे ड्रमही उघडायला लावा. लायनरचे अ‍ॅडजस्टर जाम असले की मागचे ब्रेक नावापुरते उरतात आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. "पॅड बघितले" म्हणजे ब्रेक बघितले नव्हेत.

आणि घाट उतरताना न्यूट्रल कधीही नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्यातच उतरा. ब्रेकवर पाय ठेवून रेंगाळण्याऐवजी नीट दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण काढा.

प्रश्न : टायरची नक्षी अजून चांगली पाऊण शिल्लक आहे. 2016 चे आहेत. समृद्धी महामार्गावरून नागपूरला जायचं आहे. चालतील ना?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. टायरच्या कडेवर "डॉट" या अक्षरांच्या मालिकेअखेरीस चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी रिममधून काढून आतून तपासायचा. 10 वर्षं ही शेवटची हद्द, नक्षी कितीही असो. रबर आतून कडक होतं आणि आतल्या तारांच्या पट्ट्यांचे थर सुटायला लागतात. हे बाहेरून दिसत नाही. काँक्रीटचा तापलेला रस्ता, भरलेली गाडी आणि तासन् तास एकच वेग, यात असा टायर फुटतो. हवा कमी असेल तर आधीच फुटतो, कारण कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि जास्त तापतो. "उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमी ठेवा" हा पंपावरचा सल्ला उलटा आहे. टायर थंड असताना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, पूर्ण भाराचा आकडा पाहून हवा भरा.

दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा. मागची पकड गेली की उंच गाडी फिरते आणि आडवी होते. स्टेपनीचं सालही वाचा; गाडीखाली लटकणारी स्टेपनी बऱ्याचदा गाडीइतकीच जुनी निघते आणि तिची साखळी गंजून अडकलेली असते. निघण्यापूर्वी एकदा खाली उतरवून बघा. टायर फुटलाच तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

प्रश्न : सेकंडहँड घेतलेल्या 2012 च्या मोठ्या डिझेल एसयूव्हीत मीटरवर "टी-बेल्ट" असा दिवा लागला आहे. विकणारा म्हणतो, सेन्सरचा आहे, रीसेट करू. करू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो सेन्सरचा दिवा नाही, किलोमीटर मोजणारी आठवण आहे. टोयोटाच्या पहिल्या पिढीच्या 3.0 लिटर फॉर्च्युनरमध्ये आणि त्या काळच्या 2.5 लिटर इनोव्हात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा) आहे आणि तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो. फक्त दिवा विझवणं म्हणजे घड्याळाचे काटे मागे करणं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडे राहतात, पिस्टन त्यांच्यावर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली घ्याच. नव्या बेल्टवर जुना बेअरिंग ओरडला तर मजुरी दुसऱ्यांदा पडते. वॉटर पंपाला हात लावून खेळ (ढिलेपणा) किंवा गळतीचे डाग बघून घ्या. आधी बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पुढच्या पिढीच्या फॉर्च्युनरला चेन आहे. तिथे हा प्रश्न नाही, मात्र घाणेरड्या इंजिन ऑइलवर चेनही ताणते.

प्रश्न : गाडी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, उघड्यावर असते. खालून चासी लाल दिसते. अंडरकोटिंग (तळाला मारायचा संरक्षक लेप) मारून घ्यावं का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : गंजावर मारू नका. वरून काळा, गुळगुळीत थर दिसतो आणि त्याखाली अडकलेला खारा ओलावा पत्रा खात राहतो. गंज बाहेरून वाटतो त्यापेक्षा आतून जास्त असतो, कारण चासी पोकळ पेटीसारखी आहे. तिच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकांत चिखल बसला की आत पाणी साठतं. ती भोकं तारेनं मोकळी करा, आतून गोड्या पाण्यानं धुवा, नीट सुकू द्या. मग लहान हातोडीनं पूर्ण लांबी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले किंवा पेचकस आत घुसला, तर तो भाग गेला.

सस्पेन्शनचे आर्म, स्टिअरिंग बॉक्स आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर बसतात त्या जागा सर्वांत आधी पाहा. तिथे भोक असेल तर गाडी चालवूच नका. वरून पातळ पत्र्याचं ठिगळ लावून वेल्डिंग करणारा भेटेल, स्वस्तातही करेल. ते ठिगळ पुढच्या खड्ड्यापर्यंतचं. सडलेला भाग कापून मूळ जाडीचं लोखंड बसवणारा चासीचा कारागीर शोधा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवायची आणि डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवायची.

चासीच्या कडेनं मागे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी विसरू नका. क्लिपांखाली ती सडते आणि एके दिवशी जोरात ब्रेक दाबल्यावर तिथेच फुटते. मधला तुकडा कापून जोड देण्यापेक्षा अख्खी नळी बदला. उरलेल्या निरोगी धातूवर गंजरोधक प्रायमर आणि रंग, पोकळीत नळीनं फवारलेलं मेण. अंडरकोटिंग हवंच असेल तर ते सर्वांत शेवटी.

प्रश्न : किल्ली काढली तरी डिझेल इंजिन बंद होत नाही, उलट भडकत जातं, असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : खरं आहे. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचं सील गेलं की इंजिन ऑइल हवेच्या पाइपात येतं आणि इंजिन तेच जाळून पळतं. किल्ली डिझेल तोडते, ऑइल नाही. मागे निळापांढरा धूर, आरपीएम आपोआप वर. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन कोंडून बंद पडेल. हे पहिल्या काही सेकंदांत करायचं. ऑटोमॅटिकमध्ये हा उपाय नाही. तिथे हवेचं तोंड जाड फळीनं बंद करावं लागतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, दोन्ही आत ओढले जातात. जमत नसेल तर सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. गाडीपेक्षा बोटं महाग.

हे अचानक होत नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल टाकावं लागतंय का, ते लिहून ठेवा. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) खालचा पाइप काढून बघा: आत ओशट थर असणं ठीक, ऑइल साचलेलं असणं ठीक नाही. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल तरी धोका तोच. इंजेक्टर गळून डिझेल ऑइलमध्ये मिसळत असेल तर पातळी चढते. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली काढू नका, मिनिटभर इंजिन संथ चालू द्या.

थोडक्यात

*एअरबॅगचा दिवा मीटरवर कधीच दिसत नाही, म्हणजे सगळं ठीक ना?* (पुणे) — उलट. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल तर अपघातानंतर एअरबॅग न बसवता दिवाच काढला असण्याची शक्यता धरा आणि स्कॅनर लावा. शिवाय जपानच्या ताकाता कंपनीच्या जुन्या एअरबॅगांमध्ये उष्णता आणि दमटपणामुळे आतलं रसायन बिघडतं, मग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. होंडा सीआर-व्हीसह अनेक गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. आपला 17 अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहा. रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते.

*मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुलांना बसवावं का?* (लातूर) — नाही. शरीराची बाजू गाडीच्या पुढच्या दिशेला असताना समोरून धडक बसली तर मान आणि कंबर सांभाळणारं तिथे काही नसतं. चाइल्ड सीटही तिथे बसत नाही. मुलं मधल्या रांगेत, पट्ट्यासह. मागे सामान, तेही खाली आणि बांधून.

*पुढे लोखंडी बंपर गार्ड आहे, ठेवू का?* (सोलापूर) — काढा. बेकायदा आहेच, शिवाय धडकेचा जोर थेट चासीवर नेतो आणि एअरबॅग उघडण्याची वेळ बिघडवू शकतो.

*डिझेल गाडी 10 वर्षांनी भंगारात जाते का?* (ठाणे) — तो वाद दिल्ली आणि परिसरापुरता. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढते. मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत नमुना 25 (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरा. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. उशीर झाला तर चारचाकीला दरमहा 500 रुपये विलंब शुल्क. तपासणीच्या आदल्या आठवड्यात चाकं उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. पुढच्या चाकाला 3 आणि 9 च्या जागी खेळ असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) बघा.