आजोबांच्या दुनळी बंदुकीला एकच चाप आहे. तो मूळचा की नंतर बदललेला, कसं ओळखायचं?
आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, मगच पुढचं. जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असत: पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. बंदूक उलटी धरून चाप जिथून बाहेर येतो ती पट्टी उजेडात बघा. एक चाप काढला असेल तर त्याची खाच बुजवलेली दिसते. तिथं धातूचा रंग वेगळा, नक्षी मध्येच तुटलेली. आमच्या चोपडा गावच्या घरातल्या बारा बोरच्या बंदुकीवर या बुजवलेल्या खाचेची सांध नखाला लागायची. स्क्रूची डोकी चेपलेली असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. नुसता एकच चाप हा पुरावा नाही, काही बंदुका मुळातच तशा बनत. घरी खोलू नका. परवानाधारक बंदूक कारागिरालाच दाखवा.