मैदानावरून विचारपूस : धावायला घड्याळ कोणतं घ्यावं?

प्रश्न : सर, मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए. झालं, पोलीस भरतीची तयारी करून राहिली आहे. पहाटे पाचला आम्ही चार-पाच मैत्रिणी डांबरी रस्त्यानं धावतो. येत्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन पण करायची इच्छा आहे. दादा पुण्याला कंपनीत आहे, तो घड्याळासाठी पंधरा हजार देतो म्हणाला. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, कॉलिंगवालं स्मार्टवॉच घे, त्यात शंभर खेळ आहेत, आणि चार हजारांत होते. अकॅडमीतले सर म्हणतात, घ्यायचं तर स्पोर्ट्स वॉचच घे. आई म्हणते, ज्याच्यातून फोन लागतो तेच घे, अंधारात धावायला जातेस. काय करू जी?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रात आईची काळजी सगळ्यात मोलाची आहे, म्हणून आधी तिचंच बघू. कॉलिंगवालं घड्याळ स्वतः फोन लावत नाही. ते ब्लूटूथनं तुझ्या मोबाइलशी जोडलेलं असतं. मोबाइल आठ-दहा मीटरच्या पलीकडे राहिला की कॉलिंग संपलं. म्हणजे मोबाइल घरी चार्जिंगला लावून तू निघालीस, तर नाल्याच्या पुलापाशी त्या घड्याळातून कोणालाही हाक जाणार नाही. स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं सिम) चालणारी घड्याळं मिळतात, पण ती महाग, आणि मोबाइलला जिथं रेंज नाही तिथं त्यांनाही नाही. तेव्हा आईला सांग : मोबाइल कमरेच्या पट्ट्यात सोबत राहील, मदतीचा ११२ नंबर लगेच लावता येईल, आणि मैत्रिणींशिवाय अंधारात निघणार नाही. हे तिन्ही पाळ. सुरक्षेच्या नावाखाली घड्याळावर एक रुपयाही जास्त घालू नको.

आता धावण्याचं. भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, २० गुणांचं. आतापर्यंतच्या तक्त्याप्रमाणे २ मिनिटं ५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला तर पूर्ण गुण. जाहिरात निघाली की तक्ता पुन्हा नीट वाच. याचा अर्थ ४०० मीटर ८५ सेकंदांत आणि २०० मीटर साडेबेचाळीस सेकंदांत. माझ्याकडे बाजार समितीच्या आवारात सरावाला येणाऱ्या बहुतेक पोरी पहिले दोनशे मीटर छत्तीस-सदतीस सेकंदांत उधळून टाकतात आणि शेवटच्या दोनशेला त्यांचे पाय उचलत नाहीत. दम त्यांच्यात असतो, पण तो वाटून वापरता येत नाही. ही सवय मोडायची तर दर दोनशे मीटरला त्या टप्प्याची वेळ धावता धावता कळली पाहिजे. त्यासाठी घड्याळाला लॅपचं बटण लागतं. न बघता, अंगठ्यानं चाचपून दाबता येईल असं खरं बटण.

इथंच दोन घड्याळांतला फरक सुरू होतो. साध्या स्मार्टवॉचमध्ये बहुतेक कामं काचेवर बोट फिरवून होतात. घामेजलेलं बोट त्या काचेला नीट कळत नाही. कधी दोनदा दाबावं लागतं, कधी बाहीच्या ओल्या कापडानंच धाव थांबून जाते. दम लागलेला असताना माणूस काचेवर नेम धरू शकत नाही. धावण्यासाठी बनवलेल्या घड्याळात सुरू, थांब आणि लॅप यांना वेगळी बटणं असतात, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत हीच एक गोष्ट पैसे मोजण्यासारखी आहे.

दुसरं पडद्याचं. चमकदार रंगीत पडदा दुकानात फार सुंदर दिसतो. पण तो स्वतःच्या उजेडावर चालतो, म्हणून बॅटरी खातो आणि मनगट वळवल्याशिवाय बहुधा काळाच राहतो. कित्येक स्पोर्ट्स वॉचचा पडदा बाहेरचा उजेड परत फेकून दिसतो. दिसायला तो फिका वाटेल, पण आपल्याकडच्या उन्हात जितकं ऊन जास्त तितके आकडे स्पष्ट.

जीपीएसबद्दल मात्र दुकानदार आणि अकॅडमीतले सर, दोघांचंही नीट तपासून घे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांच्या संदेशावरून घड्याळ आपली जागा काढतं. मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरची चूक राहतेच. सरळ रस्त्यावर ती फारशी जाणवत नाही, छोट्या गोल मैदानावर मात्र वळणं चुकीची धरली जातात. ८०० मीटरच्या मोजणीत वीस मीटरचा फरक पडला, तर तुला लागणाऱ्या वेगानं तो चार सेकंदांहून जास्त होतो. म्हणून ८०० साठी महागातलं महाग जीपीएसही कामाचं नाही. तिथं मोजलेलं अंतरच हवं. जिल्हा मार्गावर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दोनशे-दोनशे मीटरवर छोटे दगड असतात, गवतात बुजलेले असले तर शोध. नसतील तर ३० मीटरचा टेप घेऊन मैत्रिणींबरोबर एकदा रस्ता मोज आणि चुन्यानं खुणा कर. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना आम्ही टेप आणि स्टॉपवॉच यांच्यावरच मैदानं आखली. ती पद्धत आजही तितकीच खरी आहे.

जीपीएसचा खरा उपयोग तुझ्या हाफ मॅरेथॉनला. २१.१ किलोमीटरची तयारी करताना आठवड्याला एक लांब धाव लागते, कधी कॅनॉलच्या वाटेनं, कधी शेजारच्या गावापर्यंत. तिथं टेप धरून कोण बसणार? पण खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलं म्हणून घड्याळात ते असतंच असं नाही. ‘कनेक्टेड जीपीएस’ म्हणजे उपग्रह शोधायचं काम मोबाइल करणार आणि घड्याळ नुसते मोबाइलचे आकडे दाखवणार. दुकानात मोबाइलचं ब्लूटूथ बंद कर, घड्याळ घेऊन रस्त्यावर ये आणि धाव सुरू कर. ते आपलं आपण उपग्रह शोधतं की नाही ते तिथंच कळेल. ‘शंभर खेळ’ ऐकून भुलू नको. स्वस्त घड्याळांत बऱ्याचदा तीच वेळ, तेच ठोके आणि त्याच कॅलरी वेगवेगळ्या नावांखाली दिसतात.

हृदयाचे ठोके दोन्ही प्रकारची घड्याळं दाखवतात, आणि दोन्हीकडे तंत्र एकच : मागचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो उजेड शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड बदलतो. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडे बिघडतात. कधी घड्याळ हाताच्या झोक्यालाच ठोका समजतं आणि पावलांची गती ठोके म्हणून दाखवतं. सरावाच्या वेळी त्या हातातल्या बांगड्या दुसऱ्या हातात घाल. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, पक्कं बसव. छोट्या जोरदार धावांमध्ये मनगटाचा आकडा मागून येतो, तो धरू नको. अचूक ठोके हवेच असतील तर छातीचा पट्टा वेगळा मिळतो, तो हृदयाची विद्युत लहर मोजतो. पण तुला आज त्याची गरज नाही.

सावकाश लांब धावेत मात्र हा आकडा फार उपयोगी आहे, आणि आपल्या भागात तर जास्तच. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडेही जावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला ठोके वाढतात. नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत पहाटेसुद्धा हवा तापलेलीच असते. तेव्हा जानेवारीतल्या वेगाचा हट्ट धरणारी पोरं उलट्या करत बसलेली मी बघितली आहेत. ठोके चढलेले दिसले की वेग कमी कर. घड्याळाचा ‘इतके तास विश्रांती घ्या’ हा सल्ला नुसता अंदाज असतो, तो पाळायलाच हवा असं नाही.

वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात बॅटरीचा विचार आधी करावा लागतो. ॲपलचं नेहमीचं घड्याळ कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे मॉडेल बघून १८ ते २४ तास चालतं, आणि ते आयफोनशिवाय उपयोगाचं नाही. गार्मिनचं फोररनर ५५ हे २०२१ मधलं साधं मॉडेल : वजन ३७ ग्रॅम, पाच बटणं, टच नाही, एरवी दोन आठवडे आणि जीपीएस चालू ठेवून २० तास, हे कंपनीचे आकडे. कोरोसचं पेस ३ हे २०२३ चं, जीपीएसवर ३८ तासांपर्यंत चालतं, पण त्यासाठी दादाला हात आणखी सैल करावा लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. तू फोररनर ५५ किंवा त्या तोडीचं, बटणांचं आणि स्वतःच्या जीपीएसचं घड्याळ घे. भाव सणासुदीला उतरतात, थोडी थांबलीस तरी बिघडत नाही. अधिकृत विक्रेत्याचंच बिल घे. आणि बुटांचा तळ गुळगुळीत झाला असेल, तर आधी बूट. मग पैसे उरले नाहीत, तर लॅप साठवणारं साधं डिजिटल घड्याळ घे. ८०० मीटरची तयारी त्यावर पूर्ण होते.

साधं स्मार्टवॉच वाईट नाही, ते दुसऱ्या कामासाठी आहे. आमच्या शेजारच्या आशाताई दिवसभर घरोघरी फिरतात, मोबाइल पिशवीच्या तळाशी. मनगट थरथरलं की दवाखान्याचा निरोप आल्याचं त्यांना कळतं. त्यांना मी तेच घ्या म्हणालो.

घेतल्यावर एवढं कर : धावून आल्यावर घामाचं मीठ साध्या पाण्यानं धू, चार्जिंगच्या पिना कोरड्या झाल्याशिवाय वायर लावू नको, आणि घड्याळ उन्हात, टिनाच्या शेडखाली ठेवू नको. लांब धावेच्या आदल्या रात्री मोबाइलच्या ॲपला जोडून घे. पुढच्या काही दिवसांत उपग्रह कुठं असतील याची माहिती त्यात उतरते, आणि पहाटे रेंज नसली तरी घड्याळ लवकर तयार होतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, वय ५४. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मुलानं दिलेल्या स्मार्टवॉचवर रक्तदाब रोज १२०/८० च्या आसपास दिसतो. रोज सकाळी तासभर फिरतो. गोळी कमी करावी का? साखर दाखवणारं घड्याळ घ्यावं का?
— एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, घड्याळाच्या आकड्यावर गोळीला हात लावू नका. दंडाला पट्टा बांधून दाब मोजतात, तोच आकडा डॉक्टरांना दाखवायचा. मनगटावरची स्वस्त घड्याळं उजेडावरून अंदाज बांधतात. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय आहे, पण तिथंही दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी आकडे जुळवून घ्यावे लागतात. तुम्ही घरी दंडाचं यंत्र आणा, सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडेल.

साखरेचं घड्याळ तर घेऊच नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं, की सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर औषध घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फिरणं मात्र असंच चालू ठेवा. पावलं आणि वेळ मोजायला मुलानं दिलेलं घड्याळ उत्तम आहे, आणि फिरण्यासाठी स्पोर्ट्स वॉच घ्यायची तुम्हाला गरज नाही.

प्रश्न : जीपीएसचं घड्याळ घालून वावराला फेरी मारली तर एकर-गुंठे निघतात म्हणे. ट्रॅक्टरवाला एकरी भाव लावतो आणि जास्तीचं धरतो. शेजाऱ्याशी धुऱ्याचाही (बांधाचाही) वाद आहे. घेऊ का?
— एक शेतकरी वाचक, जि. अकोला

उत्तर : भाऊ, काही घड्याळांत ही सोय असते, पण त्यासाठी घड्याळ घेऊ नका. तुमच्या मोबाइलमध्येही जीपीएस आहे आणि जमीन मोजायची ॲप फुकट मिळतात. ट्रॅक्टरवाल्याशी बोलायला तेवढं पुरतं. मोबाइल हातात उघडा धरा, धुऱ्याधुऱ्यानं सावकाश चाला, प्रत्येक कोपऱ्यावर थोडं थांबा, आणि दोन फेऱ्यांचे आकडे जुळतात का बघा.

धुऱ्याच्या वादात मात्र हा आकडा पुढे करू नका. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर. तिथं एका बाजूला तीन मीटर इकडेतिकडे झाले, तर जवळपास दोन गुंठ्यांचा फरक पडतो, आणि शेजाऱ्याचा मोबाइल तोच फरक त्याच्या बाजूनं दाखवेल. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सातबारा जोडून मोजणीचा अर्ज करा, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला स्वतः जाऊन बोलावून आणा.