सोनोग्राफीचा एक वर्षाचा डिप्लोमा घ्यावा का?

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञान शाखेत (पीसीबी) ६८ टक्के आहेत. ‘नीट’मध्ये एमबीबीएस मिळण्याइतके गुण नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावी एक संस्था ‘सोनोग्राफी टेक्निशियन’चा एक वर्षाचा डिप्लोमा देते. फी ९० हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. मुलीला हे क्षेत्र आवडतं, पुढे परदेशी जायचंही तिच्या मनात आहे. प्रवेश घ्यावा का? – एक पालक, बार्शी

ताई, नमस्कार.

क्षेत्र चांगलं आहे, पण हा प्रवेश घेऊ नका.

अमेरिकेत किंवा कॅनडात ‘सोनोग्राफर’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे. प्रोब (अंगावर टेकवून फिरवायचा मशीनचा भाग) हातात घेऊन तपासणी तो करतो आणि अहवाल डॉक्टर देतात. इंटरनेटवर मुलीने पाहिलेले व्हिडिओ बहुधा तिथलेच असतील. आपल्याकडे प्रोब डॉक्टरांच्या हातात असतो, कारण इथे गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये असा कायदा देशात सर्वांत आधी केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. सोनोग्राफी केंद्रात तपासणी कोणी करायची हे त्याच्या नियमांत ठरवून दिलेलं आहे : रेडिओलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ठरलेलं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर. डिप्लोमाधारक तंत्रज्ञ त्यात बसत नाही. कायद्याचा रोख गर्भवतीच्या तपासणीवर असला, तरी नोंदणी केंद्राची आणि मशीनची असते. नोंदणी नसलेल्या केंद्राला कोणी मशीन विकूही शकत नाही. त्यामुळे साध्या पित्ताशयाच्या तपासणीलाही सहसा डॉक्टरच बसतात. याला वैद्यकीय कारणही आहे. सीटीच्या प्रतिमा रेडिओलॉजिस्टला नंतर बसून वाचता येतात, पण सोनोग्राफीत बरंचसं निदान प्रोब फिरवतानाच होतं.

मग सोनोग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ काय करतो? रुग्णाची तयारी पाहतो. पित्ताशयासाठी सहा ते आठ तास उपाशीपोटी, ओटीपोटासाठी लघवीची पिशवी भरलेली, वगैरे. प्रोब स्वच्छ ठेवतो, प्रतिमा जतन करतो, अहवाल टाइप करतो आणि प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म, म्हणजे या कायद्याने ठरवलेला तपासणीच्या नोंदीचा फॉर्म, भरतो. हे शेवटचं काम कारकुनी वाटतं, पण सर्वांत जोखमीचं तेच. फॉर्ममधली उणीव हाच कायद्याचा भंग मानला जातो, आणि तो झाला नाही हे तपासणी करणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. केंद्रात तांत्रिक सेवा देणारा नोकरही याच कायद्याच्या शिक्षेच्या कलमात, म्हणजे कलम २३ मध्ये, येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय गुन्हा अजामीनपात्र. मुलगी पुढे अशा खोलीत कामाला लागली आणि ‘डॉक्टर बाहेर आहेत, तेवढं तू बघून घे’ असं कोणी म्हणालं, तर नकार द्यायला तिला आत्ताच शिकवा.

आता ती काय करू शकते ते सांगतो.

तिने रेडिओलॉजी आणि इमेजिंगची पदवी घ्यावी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. इतर विद्यापीठांत हेच शिक्षण बीएस्सी इन मेडिकल इमेजिंग अशा नावांनी मिळतं. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी हे सगळं त्यात येतं आणि सोनोग्राफीची ओळखही होते. इथे कायदा तंत्रज्ञाच्या बाजूने आहे. एक्स-रे किंवा सीटी चालवायला पात्र तंत्रज्ञ असला पाहिजे, ही अणुऊर्जा नियामक मंडळाची अट आहे. म्हणजे एकीकडे नियम तंत्रज्ञाला दूर ठेवतो, तर दुसरीकडे त्याच्याशिवाय मशीन चालू देत नाही. नोकरीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे आणि जाहिरातीत तो कोणी छापत नाही.

प्रोब हातात घ्यायचीच ओढ असेल तर बीपीएमटीच्या कार्डिऑलॉजी शाखेचा विचार करा. मोठ्या हृदयरुग्णालयांत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायचं काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात आणि अहवालावर हृदयरोगतज्ज्ञ सही करतात. गर्भाचा इको मात्र वरच्याच कायद्यात येतो, तो तिच्यासाठी वर्ज्य.

एक वर्षाचा डिप्लोमा का नको, याचं आणखी एक कारण. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिक ठरायला किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण लागतं. वरच्या श्रेणीतल्या आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी पदवी हवी, तीही किमान ३,६०० तासांची. या कायद्याच्या परिशिष्टात डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर हे नाव इमेजिंग तंत्रज्ञांच्या गटात आलं आहे. संस्थावाले तुम्हाला हे दाखवतील. पण त्याने गर्भलिंगनिदानाचा कायदा बदललेला नाही, आणि एका वर्षाचा अभ्यासक्रम तासांच्या अटीतही बसत नाही.

परदेशाचं गणित मात्र नीट समजून घ्या. अमेरिकेत एआरडीएमएस ही संस्था परीक्षा घेते. एक अल्ट्रासाउंडच्या भौतिकशास्त्राची आणि उपकरणांची एसपीआय, दुसरी पोट, प्रसूती-स्त्रीरोग किंवा हृदय अशा एखाद्या विषयाची. दोन्ही पाच वर्षांच्या आत पार करायच्या. अडचण परीक्षेची नाही. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्यक्ष रुग्णांवर स्कॅन केल्याचा अनुभव लागतो, आणि तो भारतात तंत्रज्ञाला मिळणं अवघड. त्यामुळे इथला डिप्लोमा, मग थोडा अनुभव आणि मग अमेरिका, ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते. खात्रीचा मार्ग म्हणजे तिथे जाऊन सीएएएचईपी या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करणं. तो महागडा आहे. ब्रिटनमध्ये नेहमीची वाट अशी की आधी रेडिओग्राफरची पदवी व नोंदणी आणि मग सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण. म्हणून इथली इमेजिंगची पदवी वाया जात नाही.

मुलीला खरंच झेपेल का, हे आताच पाहता येईल. सगळा डोलारा भौतिकशास्त्रावर उभा आहे. ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो असं मशीन गृहीत धरतं आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली मोजतं. पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब, थायरॉइडसारख्या उथळ अवयवांसाठी ७ ते १५ चा सरळ. वारंवारता वाढवली की तपशील स्पष्ट दिसतो, पण ध्वनी खोलवर पोहोचत नाही. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजायच्या सोनोग्राफीत, पीसीबीची मुलं अडखळतात ती त्रिकोणमितीमुळे. हा वेग ध्वनीची दिशा आणि रक्तप्रवाह यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनवरून काढतात. कोन ३० अंश असताना तो ५ अंशांनी चुकला तर वेग साधारण ५ टक्क्यांनी चुकतो, ६० अंशांना तीच चूक १५ टक्क्यांवर जाते, आणि ७० च्या वर आकड्यावर भरवसाच राहत नाही. म्हणून ६० ओलांडायचे नाहीत. हा परिच्छेद वाचून तिला पुढचं विचारावंसं वाटलं तर चांगलं लक्षण समजा. गणित सोडलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणाऱ्या मुलीला हे क्षेत्र जड जाईल.

शरीराचाही विचार करा. हात अंगापासून लांब धरून तासन्‌तास प्रोब दाबल्याने खांदा आणि मनगट दुखणं हा या कामातला नेहमीचा आजार आहे. खुर्चीची उंची आणि रुग्णाला पलंगाच्या कडेजवळ घेणं या गोष्टी चांगल्या कॉलेजात पहिल्या सत्रातच शिकवतात.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, रुग्णालय पाहा. स्वतःचं किंवा करार केलेलं रुग्णालय आहे का, तिथे सीटी आणि एमआरआय चालू आहेत का, एका मशीनमागे किती विद्यार्थी, इंटर्नशिपचं विद्यावेतन किती, हे लेखी मागा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते त्या विद्यापीठाच्या यादीत स्वतः तपासा. पदवीनंतर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हेही विचारा.

संस्थेत ‘जागा रोखण्यासाठी’ पैसे भरले असतील तर परताव्याचा अर्ज आजच लेखी द्या आणि पोच घ्या. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे ठेवली असतील तर तीही परत आणा. बीपीएमटीच्या प्रवेश फेऱ्यांत ती लागतील.