स्टॉकब्रिजच्या टॅव्हर्नमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताय?

मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला जाताय आणि रेड लायन इनमध्ये जेवायचंय, तर आधी फोन करा. एकाच हॉटेलात बसायच्या जागा वेगवेगळ्या आहेत. नुसतं 'टेबल हवंय' म्हणालात तर मोठ्या डायनिंग रूममध्ये बसवतील. त्या दिवशी टॅव्हर्न, म्हणजे हॉटेलातलीच जेवणा-पिण्याची जुन्या धाटणीची वेगळी खोली, उघडा आहे का, हे विचारा आणि तिथलंच टेबल मागा.

विडो बिंगहॅम्स टॅव्हर्न (हेच त्याचं नाव) मला त्या मोठ्या दालनापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. गडद लाकूड, मंद उजेड, आवाजही बेताचा. पण खाणावळ अठराव्या शतकातली असली तरी हे लाकूड तेव्हाचं समजू नका. 1896 च्या आगीत जुनी इमारत गेली, आजची त्यानंतर उभी राहिली. तरी नाव जुन्या काळच्या बिंगहॅम या विधवा ('विडो') बाईंचं आहे, नवऱ्यामागे त्यांनी खाणावळ चालवली, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या टँगलवुडला बोस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाच्या मैफली असतात आणि ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला झुंबड उडते. तेव्हा संध्याकाळी सातला जागा मिळणं कठीण, साडेपाचला जा. थांबावं लागलंच तर बाहेरच्या लांब व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या आहेत, तिथे खुशाल बसा.

मद्य घेणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, तिथे वयाची अट 21 आहे. टिप 18 ते 20 टक्के धरा, पण बिल नीट वाचून. मोठ्या गटाच्या बिलात ती कधीकधी आधीच लावलेली असते. एका दुसऱ्या गावात मी अशी दोनदा दिली होती.