पतंगाचं पान नीट वाच

अनेक आशीर्वाद.

परवाच्या तुझ्या सादरीकरणात संगणकातल्या दोषासाठीचा 'बग' (शब्दशः किडा) हा शब्द संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी काढला असं तू ठोकून दिलंस. तुला काय बोलू? नव्या बॅचपुढे तीच गोष्ट मीही कितीतरी वर्षं मीठमसाला लावून सांगत होतो. मग एकदा त्या नोंदवहीच्या पानाचा फोटो निवांत पाहिला आणि ओशाळलो.

पान हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या संगणकाचं. त्यात हजारो रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, खटाखट उघडझाप करत आकडेमोड करायचे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी पॅनल 'एफ'मधल्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग, म्हणजे उडणारा किडा, अडकलेला सापडला. कुणीतरी तो चिकटपट्टीने पानावर डकवला आणि खाली लिहिलं, 'बग सापडल्याची पहिली खरीखुरी घटना'. मूळ इंग्रजीत 'ॲक्चुअल' आहे. तिथेच थांब. बिघाडाला बग म्हणायची रीत आधीपासून नसती, तर 'खरीखुरी' म्हणायचं कारणच काय? तो चक्क विनोद आहे. रोज लाक्षणिक किडे काढणाऱ्यांना पाय-पंखांचा किडा मिळाला, त्याचा. आणि हॉपरबाई तेव्हा तिथे नव्हत्याच. त्या फक्त किस्सा फार छान सांगायच्या.

आता मागे जा. १८७८ साली थॉमस एडिसन यांनी त्यांचे सहकारी थिओडोर पुश्काश यांना पत्र लिहिलं. शोध लावताना आधी कल्पना सुचते, मग अडचणी डोकं वर काढतात, हे सांगताना ते लिहितात की अशा बारीकसारीक दोषांना 'बग' म्हणतात. 'म्हणतात' हं, 'मी म्हणतो' नव्हे. म्हणजे शब्द त्यांचाही नाही. कामावरच्या लोकांच्या तोंडी तो आधीच होता.

जाता जाता एक. जुन्या इंग्रजीत बग म्हणजे भीती घालणारं भूत, असाही अर्थ होता. तेवढ्यावरून आपल्या बागुलबुवाशी सोयरीक जुळवू नकोस. नुसत्या उच्चारावरून नाती लावणारे आपल्याकडे कमी नाहीत.

स्लाइडवरचं हॉपरबाईंचं चित्र राहू दे, पण शेजारी ते पान लाव. आणि तू १९४५ लिहिलंयस, ते दुरुस्त कर. पानावर फक्त ९/९ आहे, वर्ष नाहीच; म्हणून तर हा घोळ होतो.