भीमाशंकर पट्ट्यातल्या आदिवासी मुलांसाठी निसर्गशिबिरातून नेतृत्व विकास: कार्यक्रम कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या गटाला आंबेगाव-जुन्नरकडच्या आदिवासी मुलांसाठी निवासी शिबिर घ्यायचंय. जंगलात राहणं, खेळ, थोडी संस्कृती, थोडं आरोग्य, आणि या सगळ्यातून नेतृत्वगुण. मी त्याच पट्ट्यातली, महादेव कोळी जमातीची. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझं गाव. पुण्यात वसतिगृहात राहून शिकले, आता इथेच नोकरी करते. प्रश्न वाचून राहवलं नाही.

कॉलेजात असताना अशाच एका शिबिराला मदतनीस म्हणून मला बोलावलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. दिवसभर दोरीचे खेळ, डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराच्या आवाजावर चालणं. संध्याकाळी प्रत्येकाने उभं राहून ‘माझं स्वप्न’ यावर बोलायचं आणि प्रशिक्षकांनी वहीत गुण मांडायचे. पोरं खाली बघत दोन वाक्यं बोलायची आणि बसायची.

नेमकी त्याच आठवड्यात गावात पडकई होती. पडकई म्हणजे सगळ्या गावाने मिळून डोंगरउतारावर भाताची खाचरं काढायची. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, ज्याचं रान त्याच्याकडे जेवण. एका सकाळी हजेरीला निम्मी पोरं गायब. प्रशिक्षक भडकले आणि त्यांना आणायला मला वर पाठवलं.

काम एका विधवा मावशीच्या रानात चाललं होतं. तिच्या घरात हाताखाली कुणी नाही, म्हणून तिचं रान सगळ्यांत आधी धरायचं असं आदल्या रात्री ठरलेलं. ताल, म्हणजे खाचराचा दगडी बांध, रचायला म्हातारे बसले होते. शिबिरातला एक पोरगा आजाला दगड निवडून देत होता. मोठा दगड तळाला, बसवताना किंचित आत, डोंगराकडे झुकलेला. मागच्या फटीत बारीक दगड ठोकून बसवायचे. तिथे नुसती माती कोंबली तर पावसात पाणी तुंबतं, ताल फुगतो आणि ढासळतो. आजाने त्याचा एक दगड बाजूला टाकला, दुसराही टाकला. पुढचा पोराने स्वतःच फिरवून बसवला. आजा त्यावर काही बोलला नाही, हात पुढे करून त्याने पुढचा दगड मागितला.

आणि वरच्या कडेला एक नववीतली मुलगी आपल्या चुलत्याशी भांडत होती. खाचरातलं जादा पाणी बाहेर काढायची वाट कुठे ठेवायची, यावरून. चुलता म्हणत होता डाव्या कोपऱ्यात. ती म्हणाली, “गेल्या पावसात मी इथंच गुरं राखत होते. पाणी डावीकडून नाही उतरत, या आंब्याच्या बुडातून येतं.” दोन-तीन जाणत्यांनी जाऊन आंब्याचं बूड पाहिलं आणि वाट उजवीकडे धरली. ‘माझं स्वप्न’मध्ये हिला सगळ्यांत कमी गुण होते.

मी खाली येऊन प्रशिक्षकांना म्हटलं, शिबिरच वर नेऊ या. ते म्हणाले, “ते श्रमदान झालं, नेतृत्व नाही. या मुलांना चार लोकांत बोलता येत नाही, आधी ते शिकू दे.” माझं तेव्हाही उत्तर होतं आणि आजही तेच आहे: तिला चार लोकांत बोलता येतं. तुमच्या विषयावर बोलता येत नाही, कारण त्यावर तिचं काहीच अवलंबून नाही. ज्यावर मावशीचं वर्षाचं भात अवलंबून आहे, तिथे ती चुलत्यालाही ऐकत नाही. नेतृत्व याला नाही म्हणायचं तर कशाला?

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड आली, दीडशेवर माणसं गेली. आपल्या डोंगरावर पाणी कुठून उतरतं, नवी भेग कुठे पडली, हे ओळखणारी आणि मोठ्यांना ठणकावून सांगणारी पोरं आम्हाला हवी आहेत. शिबिर घ्यायचं तर याचं घ्या. मुलांनी म्हाताऱ्यांबरोबर शिवार फिरून पाण्याच्या वाटांचा नकाशा काढावा आणि तो ग्रामसभेत त्यांनीच मांडावा. आमची बरीच गावं पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात येतात, तेव्हा ग्रामसभेला विचारल्याशिवाय कार्यक्रम ठरवूच नका. अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी वेगळी.

आरोग्याचं म्हणाल तर आमच्याकडे ते एकत्र जेवण्याशी बांधलेलं आहे. वसतिगृहात पहिल्या वर्षी मला पुण्यात तगवलं ते रात्रीच्या पंगतीने. २०१८ मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा आदिवासी मुलं-मुली पुण्याहून पायी नाशिकला निघाली, आदिवासी विकास आयुक्तालयावर. त्यांना कुणी नेतृत्वाचं शिबिर दिलं नव्हतं. म्हणून तुमच्या शिबिरात बाहेरचा केटरर नको. पावसाळ्यात आलात तर चाई, भारंगी, करटुली या रानभाज्या मुलांनाच आणू द्या आणि गावातल्या बायांना स्वयंपाकाचे रीतसर पैसे द्या. संस्कृतीचा वेगळा तास ठेवून पाहुण्यांसमोर नाच बसवू नका. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी पोरं वाघोबाला नैवेद्य दाखवतात, बोलावलं तर त्या दिवशी या आणि मागे बसा.

खेळ अजिबात नकोत असं नाही. लहान मुलांना आवडतात, आणि शहरात शिकायला जाणाऱ्यांना मंचावर बोलायची सवय उपयोगी पडते, हे मान्य. फक्त त्यावर गुण देऊन ‘उत्कृष्ट नेता’ निवडू नका. आणि पडकई सगळ्या गावांत आता तेवढी राहिलेली नाही, तेव्हा आधी चौकशी करा.

हे सगळं मी आमच्या महादेव कोळ्यांचं सांगतेय. ठाकर ही दुसरी जमात, त्यांच्या रीती वेगळ्या. मुळशी-मावळकडे कातकरी जमातीच्या वाड्यांवर जाणार असाल तर माझं निम्मं उत्तर लागू पडत नाही, कारण बहुतेकांच्या नावावर जमीनच नाही, खाचर काढणार कुठे? दिवाळीनंतर कितीतरी घरं मुलांसकट वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. तिथे शिबिराची तारीख टाकण्याआधी मुलं वाडीवर आहेत का, एवढं जाऊन विचारा.